लष्करी अधिकाऱ्याच्या सेवानोंदीतील ठपका व त्याविरुद्धची दाद (भारत)

लष्करी अधिकाऱ्याच्या सेवानोंदीतील ठपका म्हणजे भारतीय भूदलातील कमिशनप्राप्त अधिकाऱ्याच्या गैरवर्तनाबद्दल किंवा कर्तव्यातील कसुरीबद्दल लष्करी न्यायालयाने अथवा वरिष्ठ सेनाधिकाऱ्याने व्यक्त केलेली आणि त्या अधिकाऱ्याच्या सेवा-दप्तरात नोंदवलेली औपचारिक नापसंती होय. अशा नोंदीमुळे अधिकाऱ्याची नोकरी जात नाही, त्याला तुरुंगवास होत नाही, बहुधा वेतनही कापले जात नाही. मात्र पदोन्नतीच्या निवड मंडळापुढे त्याचे दप्तर उघडले जाते तेव्हा ही नोंद तेथे असते. म्हणून दिसायला सौम्य असलेल्या या शिक्षेविरुद्ध अधिकारी वर्षानुवर्षे दाद मागत राहतात. सेना अधिनियम, १९५०, सेना नियम, १९५४, भूदलाची विनियमावली आणि सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, २००७ यांतून या दादीचे मार्ग ठरतात.

संज्ञा

महाराष्ट्रातील शासकीय कर्मचाऱ्यांना ‘ठपका’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांमध्ये ‘ठपका ठेवणे’ ही किरकोळ शिक्षांपैकी पहिली शिक्षा आहे आणि तिच्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क त्याच नियमांनी दिला आहे. लष्करात मात्र या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. त्या एकमेकींत मिसळल्यास दाद कोठे मागायची हेच कळेनासे होते.

पहिली गोष्ट म्हणजे ‘रेप्रिमांड’ आणि ‘सिव्हिअर रेप्रिमांड’, अर्थात ठपका आणि तीव्र ठपका. सेना अधिनियमाच्या कलम ७१ मधील शिक्षांच्या यादीत या शिक्षा आहेत. आरोप, सुनावणी व निष्कर्ष या क्रमानेच त्या देता येतात. दुसरी गोष्ट म्हणजे ‘सेन्शर’. यात वरिष्ठ अधिकारी किंवा लष्करप्रमुख आपली ‘नाराजी’ वा ‘तीव्र नाराजी’ लेखी कळवतात. सेन्शर हा शब्द सेना अधिनियमाच्या शिक्षांच्या यादीत नाही. त्याचा आधार सेवेतील रूढी आणि लष्कर मुख्यालयाची धोरणपत्रे हा आहे. नाराजी ‘रेकॉर्डेबल’ असेल तर ती दप्तरात जाते, ‘नॉन-रेकॉर्डेबल’ असेल तर जात नाही. अधिकाऱ्याच्या दृष्टीने खरा फरक या एका विशेषणात आहे.

ठपका कोण ठेवू शकते

कोर्ट मार्शल कोणत्याही दर्जाच्या अधिकाऱ्याला तीव्र ठपक्याची शिक्षा देऊ शकते. कोर्ट मार्शल न भरवता संक्षिप्त कार्यवाहीने ही शिक्षा देण्याचे अधिकार कलम ८३ व ८४ मध्ये आहेत. कलम ८३ प्रमाणे ब्रिगेड कमांडर व त्याच्या समकक्ष अधिकाऱ्यांना मेजरपेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्यांबाबत, तर कलम ८४ प्रमाणे एरिया कमांडर व तत्सम वरिष्ठांना लेफ्टनंट कर्नलपेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्यांबाबत हा अधिकार वापरता येतो.

याचा परिणाम असा की लेफ्टनंट कर्नल व त्याहून वरच्या अधिकाऱ्याला संक्षिप्त कार्यवाहीने शिक्षा करता येत नाही. त्याच्या बाबतीत एका टोकाला कोर्ट मार्शल किंवा सेवामुक्तीची कारवाई आणि दुसऱ्या टोकाला दुर्लक्ष असे पर्याय उरतात. मधली जागा सेन्शरने भरून काढली आहे. ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या बाबतीत सेन्शरला महत्त्व आले ते यामुळे.

सेन्शरच्या धोरणात एक मर्यादा स्पष्ट आहे. किरकोळ स्वरूपाच्या कसुरीसाठीच सेन्शर वापरावे. नैतिक अधःपतन, अफरातफर, चोरी, अप्रामाणिकपणा किंवा सार्वजनिक मालमत्तेचे आर्थिक नुकसान घडवणारा दोषार्ह निष्काळजीपणा असे आरोप सेन्शरने निकालात काढू नयेत, तेथे शिस्तभंगाची कारवाई करावी, असे लष्कर मुख्यालयाने बजावले आहे. ही मर्यादा दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. गंभीर गुन्हा सौम्यपणे मिटवला जाऊ नये हा तिचा एक हेतू आहे. दुसरीकडे, पुरावा तोकडा असल्याने खटला टिकणार नाही अशा प्रकरणात केवळ काहीतरी केल्याचे दाखवण्यासाठी सेन्शर दिले गेले, असा मुद्दा अधिकाऱ्यालाही मांडता येतो.

पदोन्नतीवरील परिणाम

भूदलात लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा सेवाकालानुसार मिळतो. कर्नलपासून पुढे निवड सुरू होते. कर्नलसाठी क्रमांक ३ चे, ब्रिगेडियरसाठी क्रमांक २ चे आणि मेजर जनरलसाठी क्रमांक १ चे निवड मंडळ असते. प्रत्येक टप्प्यावर अधिकाऱ्याचा विचार साधारणतः तीनदा होतो: एकदा आपल्या तुकडीबरोबर आणि दोनदा पुनर्विचारात. तिन्ही वेळा नाव मागे पडले की त्या हुद्द्याचा मार्ग बंद होतो. जागा वर जाताना झपाट्याने कमी होत असल्याने उत्तम गोपनीय अहवाल असलेले अधिकारीही मोठ्या संख्येने गळतात. अशा चढाओढीत एकाच्या दप्तरात तीव्र नाराजीचे पत्र असले आणि दुसऱ्याच्या नसले, तर मंडळाला फार विचार करावा लागत नाही.

दुसरे बंधन वयाचे. कर्नल ५४ व्या, ब्रिगेडियर ५६ व्या आणि मेजर जनरल ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. ठपक्याविरुद्धची तक्रार, तिचा निकाल आणि मग न्यायाधिकरणातील अर्ज या साऱ्यांत चार-पाच वर्षे गेली, तर दाद मान्य होईपर्यंत अधिकारी गणवेशातून बाहेर पडलेला असतो. तेव्हा त्याला मिळते ती ‘नोशनल’ म्हणजे केवळ कागदोपत्री पदोन्नती. तिने निवृत्तिवेतन वाढते, परंतु जी ब्रिगेड वा डिव्हिजन त्याने हाती घेतली असती ती त्याला परत मिळत नाही.

ठपक्यापूर्वीची चौकशी

बहुतेक प्रकरणांची सुरुवात ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ने होते. नावात ‘कोर्ट’ असले तरी हे न्यायालय नव्हे. तथ्ये गोळा करणारे ते अधिकाऱ्यांचे मंडळ असते. सेना नियमांतील नियम १७७ पासून त्याची कार्यपद्धती दिली आहे. त्यांपैकी नियम १८० हा दाद मागणाऱ्या अधिकाऱ्याचा सर्वांत भक्कम आधार मानला जातो. चौकशीमुळे ज्याच्या चारित्र्याला किंवा लष्करी लौकिकाला बाधा येण्याचा संभव आहे, त्या व्यक्तीला चौकशीच्या संपूर्ण काळात हजर राहण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि आपल्या बाजूचे साक्षीदार व निवेदन देण्याची संधी दिली पाहिजे, असे हा नियम सांगतो.

व्यवहारात अडचण येते ती अशी. अधिकाऱ्याला आधी केवळ साक्षीदार म्हणून बोलावले जाते. दहा-बारा साक्षी होऊन गेल्यावर मंडळाला वाटू लागते की दोष याच अधिकाऱ्याचा आहे. मग त्याला नियम १८० लागू केला जातो आणि आधीच्या साक्षी वाचून दाखवून प्रश्न विचारण्यास सांगितले जाते. ही पूर्तता खरी की नावापुरती, यावर अनेक प्रकरणे लढवली गेली आहेत. नियम १८२ प्रमाणे चौकशीतील जबाब कोर्ट मार्शलपुढे पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. सेन्शर मात्र बहुधा याच चौकशीच्या आधाराने दिले जाते. म्हणून तेथे नियम १८० चे उल्लंघन अधिक जिव्हारी लागते.

चौकशीनंतर अधिकाऱ्याला कारणे दाखवा नोटीस दिली जाते. तिचे उत्तर ही पहिली आणि पुष्कळदा सर्वांत महत्त्वाची दाद होय. कारण त्या क्षणी दप्तरात काहीही गेलेले नसते आणि निर्णय घेणाऱ्यालाही आपले मत बदलणे सोपे असते. उत्तरात जे मुद्दे मांडले नाहीत ते पुढे प्रथमच मांडले तर ‘मागाहून सुचलेले’ म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. नोटिशीत आरोप मोघम असतील, चौकशीची कागदपत्रे दिली नसतील किंवा उत्तराचा विचार केल्याची खूण अंतिम आदेशात नसेल, तर ते दोष पुढील टप्प्यांवर दाखवता येतात.

खात्यांतर्गत दाद

संक्षिप्त कार्यवाहीत दिलेला ठपका बेकायदेशीर, अन्याय्य किंवा अतिरेकी वाटल्यास कलम ८७ प्रमाणे वरिष्ठ लष्करी प्राधिकारी तो रद्द करू शकतो किंवा बदलू शकतो. कोर्ट मार्शलची शिक्षा कायम होण्यापूर्वी व झाल्यानंतर अर्ज करण्याची सोय कलम १६४ मध्ये आहे.

सेन्शरविरुद्ध यांपैकी काही चालत नाही. तेथे तक्रारीचा मार्ग आहे. बिगर-वैधानिक तक्रार लष्कराच्या आतच निकाली निघते. वैधानिक तक्रार कलम २७ खाली केंद्र सरकारकडे जाते. आपल्या कमांडिंग ऑफिसरने किंवा कोणत्याही वरिष्ठाने आपल्यावर अन्याय केला असे वाटणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला हे कलम सरकारकडे जाण्याचा हक्क देते. या तरतुदीचे मूळ ब्रिटनच्या १८८१ च्या आर्मी अ‍ॅक्टमधील कलम ४२ मध्ये आहे. तेथे अधिकाऱ्याची तक्रार थेट राणीपर्यंत पोहोचत असे. नौदलासाठी नौदल अधिनियम, १९५७ च्या कलम २३ मध्ये अशीच तरतूद आहे.

वैधानिक तक्रार वाटेतील प्रत्येक वरिष्ठाच्या टेबलावरून वर जाते आणि प्रत्येक जण आपला अभिप्राय जोडतो. ज्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार आहे त्याचाही अभिप्राय त्यात असतो. अनेकांनी मिळून एक तक्रार करता येत नाही. शिवाय तक्रारीत कोणाच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान केल्यास कलम ५६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून अनुभवी वकील तक्रारीची भाषा मोजूनमापून ठेवतात: वरिष्ठाच्या हेतूवर शक्यतो न घसरता तारखा, आदेशांचे क्रमांक आणि नियमांतील तरतुदी मांडतात. पूर्वग्रहाचा आरोप करायचाच असेल तर त्याला आधारभूत घटना द्याव्या लागतात.

मुलकी सेवेतील गोपनीय अहवालांबाबत सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात (२००८) प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे असे म्हटले. परंतु लष्करी अधिकाऱ्यांची स्थिती वेगळी असल्याने हा आदेश त्यांना लागू नाही, असेही त्याच निकालात स्पष्ट केले. त्यामुळे ठपका अधिकाऱ्याच्या हाती पडतो, पण त्याची छाया गोपनीय अहवालातील गुणांवर किती पडली हे त्याला नेहमीच कळते असे नाही.

सशस्त्र दल न्यायाधिकरण

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि लष्करी न्यायालयांविरुद्ध अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्गही घटनेने बंद ठेवला आहे. उरतो तो उच्च न्यायालयातील रिट अर्ज. कोर्ट मार्शलवर एकही अपील नसावे ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने पृथी पाल सिंग बेदी खटल्यात (१९८२) बोलून दाखवली. १९९९ मध्ये विधि आयोगाने आपल्या १६९ व्या अहवालात स्वतंत्र न्यायाधिकरणाची शिफारस केली. अधिनियम २००७ मध्ये झाला आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले. सूचनेपासून कृतीपर्यंत सत्तावीस वर्षे लागली.

प्रधान पीठ नवी दिल्लीत आहे. महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांच्यासाठीचे प्रादेशिक पीठ मुंबईत आहे. प्रत्येक पीठात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असतो. प्रशासकीय सदस्य सामान्यतः निवृत्त ज्येष्ठ सेनाधिकारी असतात. अधिकाऱ्याला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते. सदस्यांची पदे रिकामी राहिल्याने काही पीठांचे काम वेळोवेळी रखडले आहे, ही या व्यवस्थेची जुनी दुखरी बाजू होय.

अर्जाची मुदत चुकल्याने चांगली प्रकरणे वाया गेल्याची उदाहरणे असल्याने तिचे गणित नीट पाहणे आवश्यक आहे. कलम २१ प्रमाणे आधी खात्यांतर्गत उपाय संपवावे लागतात. वैधानिक तक्रारीवर निकाल मिळाला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. तक्रार करून सहा महिने उलटले तरी उत्तरच आले नाही, तर उपाय संपला असे मानले जाते आणि त्यापुढील सहा महिन्यांत अर्ज करता येतो. उशिराला सबळ कारण असल्यास तो माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

सेन्शरविरुद्धचा अर्ज ‘सेवाविषयक बाब’ म्हणून कलम १४ खाली, तर कोर्ट मार्शलने ठेवलेल्या ठपक्याविरुद्धचे अपील कलम १५ खाली चालते. फरक मोठा आहे. कलम १५ खाली न्यायाधिकरण पुरावा तपासून दोषसिद्धीच रद्द करू शकते किंवा शिक्षा कमी करू शकते. कलम १४ खालील प्रकरणात ते सहसा कमांडरच्या जागी बसून कसूर झाली की नाही हे नव्याने ठरवत नाही. अधिकार नसलेल्या व्यक्तीने निर्णय दिला काय, नियम १८० पाळला काय, उत्तराचा विचार झाला काय, पूर्वग्रह होता काय, त्याच घटनेतील इतरांना सोडून एकालाच धरले काय आणि शिक्षा कसुरीच्या मानाने अवाजवी आहे काय, असे प्रश्न तेथे पाहिले जातात. अवाजवी शिक्षेचे तत्त्व लष्करालाही लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने रणजित ठाकूर खटल्यात (१९८७) एका जवानाच्या प्रकरणात सांगितले होते. उलट, कोर्ट मार्शलची मुदत टळली म्हणून प्रशासकीय कारवाईही करता येत नाही हा युक्तिवाद हरजीत सिंग संधू खटल्यात (२००१) टिकला नाही.

न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असल्यास सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. उच्च न्यायालयाचे दार २०१५ च्या श्रीकांत शर्मा निकालाने जवळपास लागले होते. २०२३ च्या परशोत्तम दास निकालाने ते पुन्हा उघडले.

उल्लेखनीय प्रकरणे

सुकना प्रकरण. पश्चिम बंगालमधील सिलिगुडीजवळच्या सुकना लष्करी तळालगतच्या जमिनीबाबत एका खासगी विकासकाला ना-हरकत प्रमाणपत्र दिल्यावरून ३३ व्या कोअरचे माजी कमांडर लेफ्टनंट जनरल पी. के. रथ यांच्यावर कोर्ट मार्शल झाले. जानेवारी २०११ मध्ये त्यांना तीव्र ठपका व ज्येष्ठता कमी करण्याची शिक्षा झाली. तत्पूर्वीच उपलष्करप्रमुखपदी झालेली त्यांची नेमणूक मागे घेण्यात आली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने शिक्षा रद्द केली आणि त्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तोवर ते निवृत्त झाले होते.

ब्रिगेडियर देविंदर सिंग प्रकरण. हे ठपक्याचे नसून प्रतिकूल अहवालाचे प्रकरण आहे, तथापि सेवानोंद दुरुस्त करण्याच्या दृष्टीने ते वारंवार उद्धृत केले जाते. १९९९ च्या कारगिल युद्धात बटालिक भागात ७० व्या ब्रिगेडचे नेतृत्व केलेल्या या अधिकाऱ्याच्या युद्धकामगिरीचा अहवाल १५ व्या कोअरच्या तत्कालीन कमांडरने पूर्वग्रहाने लिहिला, असा निष्कर्ष न्यायाधिकरणाने मे २०१० मध्ये काढला. अहवालातील प्रतिकूल भाग वगळून नोशनल पदोन्नतीचा विचार करावा, असा आदेश झाला. लढाई संपून तेव्हा जवळपास अकरा वर्षे झाली होती.

अन्य देशांतील पद्धती

अमेरिकी भूदलात जनरल दर्जाचा अधिकारी लेखी ठपका देतो. तो अंतिमतः कोठे ठेवायचा हे अधिकाऱ्याचे उत्तर वाचल्यावर ठरते: तुकडीच्या स्थानिक फाइलमध्ये ठेवला तर कालांतराने नष्ट होतो, कायम दप्तरात ठेवला तर राहतो. कायम नोंदीविरुद्ध भूदलाच्या एका मंडळाकडे दोन प्रकारे जाता येते. मजकूर असत्य किंवा अन्याय्य असल्याचे सिद्ध करून तो काढून टाकण्याची मागणी करता येते; किंवा ठपक्याचा हेतू साध्य झाला आहे असे दाखवून तो दप्तराच्या राखीव भागात हलवण्याची विनंती करता येते. दुसरा मार्ग चूक कबूल करून सुधारलेल्या अधिकाऱ्यासाठी आहे. भारतीय पद्धतीत त्याच्याशी तंतोतंत जुळणारी सोय नाही. यानंतर लष्करी नोंदी दुरुस्त करणारे नागरी सदस्यांचे मंडळ असते. अशा मंडळांची तरतूद १९४६ च्या कायद्याने केली. त्यापूर्वी एकेका सैनिकाची नोंद सुधारण्यासाठी काँग्रेसमध्ये खासगी विधेयके आणावी लागत.

१३ जुलै २००८ रोजी अफगाणिस्तानातील वनात येथील चौकीवर झालेल्या हल्ल्यात नऊ अमेरिकी सैनिक ठार व सत्तावीस जखमी झाले. मृतांच्या नातेवाइकांच्या पाठपुराव्यानंतर पुन्हा चौकशी झाली आणि कंपनी, बटालियन व ब्रिगेड या तिन्ही पातळ्यांवरील कमांडरांना ठपक्याची पत्रे देण्यात आली. त्यांची उत्तरे व अधिक माहिती तपासल्यावर जनरल चार्ल्स कॅम्पबेल यांनी २०१० मध्ये ती पत्रे मागे घेतली. मृतांच्या कुटुंबीयांना हा निर्णय मान्य झाला नाही.

ब्रिटनमध्ये सेवेतील तक्रारींचा निपटारा योग्य रीतीने झाला की नाही हे पाहण्यासाठी १ जानेवारी २०१६ पासून लष्करी साखळीबाहेरचा स्वतंत्र लोकपाल काम करू लागला.